डब्यातली मापं

माप लिहून ठेवायची सवय मला कधीच नव्हती. चौथीत शाळा सोडली ती सोडली. पुढं शेडच्या कामात पडलो आणि पाहिलं, की जो मिस्त्री खिशातून कागद काढून बघतो त्याला गिऱ्हाईक कच्चा समजतं. मंग मी डोक्यात ठेवायला लागलो. खांब किती उंच, दोन खांबांत अंतर किती, कैची केवढी, पत्र्याला उतार किती. कैची म्हणजे पत्र्याखाली लोखंडाचा तिकोणी सांगाडा असतो, ती. टेप लावायचा, आकडा मोठ्यानं बोलायचा, की तो आत जाऊन बसायचा. फूट, इंच आणि सूत. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे सूत, आणि मी सुताचंही माप विसरत नव्हतो.

आमचं वर्कशॉप भोकरदनला आहे. तिथून खाली परतूरपर्यंत आणि वर जाफराबादच्या पलीकडं मी गोदामं उभी केली, जिनिंगचे शेड केले, मंगल कार्यालयांवर पत्रे टाकले. त्यातल्या कोणत्याही शेडखाली मला उभं केलं असतं तर वर न बघता कैचीचं माप सांगितलं असतं. हे बढाई मारून सांगत न्हाई. मारून सांगतो असं समजलं तरी माझी हरकत न्हाई.

पोराला ह्या कामाचा कंटाळा. तो जालन्याला एका रोलिंग मिलच्या हापिसात नोकरीला लागला, तिथंच खोली करून राहतो आणि रविवारी घरी येतो. म्हणजे लोखंड त्याला सुटलं न्हाई, नुसतं हात काळे व्हायचे थांबले. धंद्यात आली ती सून. कॉमर्स शिकलेली. ती मला मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. पहिल्या दिवशी वर्कशॉपवर आली तर सगळे वेल्डर ग्राइंडर बंद करून उभे राहिले, जसा काही तहसीलदार आला. तिनं विचारलं, "काम काहून थांबलं?" मंग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली तव्हा ग्राइंडर चालू झाले.

सगळ्यांनी माझ्याकडंच बघायचं, ह्याच गोष्टीवर तिनं उपाय काढला. वर्कशॉपच्या कंप्युटरवर तिनं एक सिस्टीम बसवली. पडद्यावर प्रत्येक साइटचं एक पान. पानाखाली कामं ओळीनं: खड्डे, खांब, कैच्या, पत्रे. प्रत्येक कामापुढं ते कुणी करायचं, कुठपर्यंत आलं, माप काय, आणि फोनवर काढलेला फोटो. परतूरला उभा असलेला माणूस आपल्या फोनवर ते पान उघडायचा, बघायचा आणि लोखंड कापायला सांगायचा. मला विचारायचा न्हाई. सिस्टीम हा शब्द माझ्या तोंडात बसत न्हाई. मी त्याला, कंप्युटरासकट, डबा म्हणतो.

सुरुवातीला लई राग आला. मी बसलेलो असताना माणसं फोनमध्ये बघून माप घेऊन राह्यले, हे सहन व्हायचं न्हाई. सुनेला मुद्दाम आडवं विचारायचो, "बघ तुझ्या डब्यात, ह्या शेडाच्या मागच्या भिंतीला खिडकी किती वर आहे?" ती दोन बोटं फिरवून सांगायची. बराबर सांगायची. पण पुढं एक झालं, ते मी कुणाला बोललो न्हाई. सकाळी बाजेवर पडून राहता यायला लागलं. नाहीतर दात घासायच्या आधी कुणीतरी दारात, "मिस्त्री, ते माप काय होतं?" ते बंद झालं. डोकं रिकामं राहायला लागलं आणि ते बरं वाटायला लागलं. माणूस थकतो. सुताचा हिशेब ठेवून ठेवून तर फार थकतो. फक्त एवढं होतं की रिकामं झालेलं डोकं पुन्हा भरायला बसलो तर भरत न्हाई, आणि हे बघायची वेळ तवर आली नव्हती.

डबा बिघडला तर काय, हे मी सुनेला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मामा, दर शनिवारी मी बॅकअप घेते." म्हणजे डब्यातलं सगळं दोन हार्डडिस्कवर उतरवून ठेवते. तंबाखूच्या डबीएवढी चीज असते ती. एक डिस्क कंप्युटरलाच वायरनं जोडलेली, दुसरी घरी, कपाटात, गोधड्यांच्या मागं.

"दोन कशाला? मापाला पण जोडी लागती का?"

"एका जागी काही झालं तर दुसऱ्या जागी राहावं म्हणून. घरची डिस्क वर्कशॉपवर आणायची न्हाई, असा माझा नियम आहे. फक्त शनिवारी येते आणि लगेच जाते."

नियम चांगला होता. पण आमचाही एक नियम आहे.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कटर, घण, पाने, टेप, ओळंबा, गुण्या, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. त्या दिवशी हत्यारानं काम घ्यायचं न्हाई. त्यालाही वर्षातून एकदा दम खाऊ द्यायचा. आणि मांडायचं तर सगळं मांडायचं. घरात एखादी छन्नी राहिली तर माझा बाप परत पाठवायचा. माझ्याही वर्कशॉपवर तसंच चालतं.

सुनेनं कंप्युटर पुसून टेबलावर मधोमध ठेवला, त्याला माळ घातली. मी म्हणालो, "घरची डिस्क?"

"ती राहू द्या मामा घरी. तिचं कामच घरी राहायचं आहे."

"मापं तिच्यात आहेत ना? मंग ती हत्यार झाली. अर्धी हत्यारं पुजून भागत न्हाई."

"मामा, दोन्ही एका जागी..."

"एका दिवसानं काय होतंय, बाई?"

ती गेली आणि घेऊन आली. चालताना चप्पल वाजवत आली. डिस्क मी माझ्या हातानं पूजेच्या ताटात ठेवली, टेपच्या शेजारी.

कंप्युटर चालूच होता. तो कधी बंद नसायचा, बाहेरच्या माणसांचे फोन त्यावरच चालायचे. भोकरदनच्या उन्हाळ्यात तापतो म्हणून त्याच्या एका बाजूचं झाकण काढलेलं होतं, ते तसंच राहून गेल्तं. मी आरती केली. ऐरणीवर नारळ फोडला. नारळ म्हातारा असंल तर पाणी कमी निघतं. हा कोवळा होता. एका घावात फुटला आणि पाणी असं उडालं की माझा सदरा भिजला, हेडवेल्डरच्या मिशा भिजल्या, आणि बाकीचं डब्याच्या उघड्या बाजूनं आत गेलं. आत फट्‌ असा आवाज झाला. जळक्या वायरीचा वास आला. पडदा काळा झाला.

हेडवेल्डर माझ्यासोबत जुना आहे, त्यानं मिशा पुसत म्हटलं, "देव पावला जणू. प्रसाद घेऊन गेला."

सुनेनं धावत जाऊन बटण बंद केलं. जोडलेली डिस्कही त्याच धक्क्यात गेली, हे नंतर कळलं. ताटातली डिस्क पाण्यात बसली होती, नारळाचं पाणी, हळद, कुंकू, सगळं तिच्याखाली. सून ती उचलायला गेली तर मी म्हणालो, "मांडलेलं हलवायचं न्हाई. उद्या सोनं वाटल्यावर हात लावायचा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मंग पदराच्या टोकानं डिस्क जागच्या जागी पुसली, न उचलता, आणि घरी निघून गेली. मी आजही म्हणतो पूजा चुकीची नव्हती. झाकण लावायला पाहिजे होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं कामावर आली. फोनमध्ये पान उघडंना. त्यांनी सुनेला विचारलं, सून म्हणाली, "थांबा, दुरुस्त करून आणते." पण माणसं थांबणारी नव्हती. परतूरला कापसाचं गोदाम अर्ध्यावर होतं, आणि जाफराबादला एका शेतकरी गटाचं सोयाबीनसाठीचं गोदाम सुरू करायचं होतं, त्यांची सोयाबीन खळ्यावर उघडी पडली होती. माणसं सरळ माझ्या बाजेपाशी आली, जशी आधी यायची.

"मिस्त्री, परतूरची कैची कितीची?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मी उठून बसलो, डोळे मिटले आणि आकडा आला. फूट, इंच, सूत, सगळं आलं. मी सांगितलं. हेडवेल्डर म्हणाला, "बघा, डबा लागतो कशाला," आणि गेला. सून दारात उभी होती. तिनं फक्त विचारलं, "नक्की ना मामा?"

"मला विचारतीस?"

दुसऱ्या दिवशी परतूरवरून फोन आला. हेडवेल्डरच होता. "मिस्त्री, कैची खांबावर बसंना."

"खांब वाकडा रोवला असंल तुम्ही."

"ओळंबा लावून बघितला. खांब सरळ आहे. कैचीच आखूड आहे, वीतभर."

"मंग कापताना चुकलं."

"तुम्ही सांगितलं तेवढंच कापलं, मिस्त्री." मंग म्हणाला, "जाऊ द्या. जोड देऊन बसवतो."

फोन ठेवला आणि बाजेवर बसून राहिलो. तेव्हा ध्यानात आलं की मी सांगितलेला आकडा परतूरचा नव्हताच. तो एका जिनिंगच्या शेडचा होता, पोराच्या लग्नाआधीचा. जुनं सगळं आत तसंच होतं, सुतासकट. नवं काहीच न्हाई. परतूरच्या गोदामावर मी स्वतः उन्हात उभा राहिलो होतो, टेप धरला होता, आकडा मोठ्यानं बोललो होतो. सुनेनं तो डब्यात टाकला आणि माझ्या डोक्यानं तो घेतलाच न्हाई. उद्या जाफराबादचं लोखंड कापायला माणसं येणार होती. डब्यातलं परत आलं न्हाई तर ती माझ्याकडंच येणार, आणि माझ्याकडं आता काही न्हाई हे त्यांना कळणार. मला दुसऱ्या कशाचीच फिकीर नव्हती. गोदामाचीसुद्धा न्हाई.

सून म्हणाली जालन्याला नेऊ. मी म्हणालो मी पण येतो. एसटीत मी कंप्युटर मांडीवर घेतला, गमछात गुंडाळून. शेजारच्या माणसानं विचारलं, "बाबा, टीव्ही बिघडला का?" मी म्हणालो, "हो." दुसरं काय सांगणार. पूर्ण रस्ता डबा गुडघ्यावर दाबत होता. सुनेनं दोनदा मागितला, मी दिला न्हाई. डिस्क तिच्या पर्समध्ये होती, हातरुमालात.

जालन्यात जुन्या मोंढ्याकडच्या गल्लीत एक कंप्युटरवाला आहे, सुनेच्या ओळखीचा. त्यानं डबा उघडला, वाकून वास घेतला आणि वर बघितलं.

"चाचा, इसमें नारियल फोडे क्या?"

"शेजारी फोडला," मी म्हणालो.

"माशाल्लाह. निशाना अच्छा है." मंग सुनेकडं वळून मराठीत, "ताई, हा गेला. जोडलेली डिस्क पण गेली. दुसरी डिस्क दाखवा."

ताटातल्या डिस्कच्या तोंडाला हळद वाळून बसली होती. त्यानं ती ब्रशनं घासली, कसलंतरी औषध टाकलं, फुंकली. आपल्या कंप्युटरला लावली. काहीच न्हाई. काढली, परत घासली, परत लावली. छोटा दिवा लागला. सुनेनं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मला वाटलं झालं. पण तसं नसतं. त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही नुसतं फोल्डर उचललंय, की डेटाबेसचा डंप घेतलाय?"

"दोन्ही."

"शुक्र आहे."

मी विचारलं ह्याचा अर्थ काय. सुनेनं समजावलं. पडद्यावर दिसतं ती नुसती दुकानाची दर्शनी बाजू. मापं आत असतात, डेटाबेसमध्ये, आणि तो चालू असताना त्याच्या फायली तशाच उचलल्या तर त्या अर्धवट येतात, जसं दूध उतू जाताना पातेलं हलवलं तर अर्धं खाली. म्हणून आतल्या मालाला सांगावं लागतं, बाबा, तू एका जागी उभा राहा, मी तुझी नक्कल उतरवून घेते. ती नक्कल म्हणजे डंप. मी म्हणालो, "समजलं." अर्धं समजलं होतं.

मंग त्यानं दुसऱ्या एका कंप्युटरवर सिस्टीम नव्यानं बसवली आणि डंप आत सोडला. लाल अक्षरांची ओळ आली. सिस्टीम नवी, माल जुन्या सिस्टीमचा, आत घेईना. सुनेला आपली सिस्टीम कोणत्या सालची ते आठवंना. ती कपाळाला हात लावून बसली.

"आठव, बाई," मी म्हणालो.

"तेच करून राह्यले ना मामा."

आठव म्हटल्यानं आठवत असतं तर मी परतूरला आखूड कैची पाठवली नसती.

शेवटी तिनं फोनमधले जुने फोटो चाळले. एकात मी कंप्युटरसमोर उभा होतो, तोंड वाकडं करून, आणि माझ्या खांद्यामागं पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सिस्टीमच्या सालाचा नंबर होता. कंप्युटरवाल्यानं फोटो मोठा केला, हसला, "चाचा, गुस्से में भी काम आए." जुनी सिस्टीम बसवली. डंप सोडला. ह्या वेळी लाल ओळ आली न्हाई. पान उघडलं. साइटींची नावं आली, कामं आली, मापं आली. परतूर आलं. मी माप बघितलं. बरोबर वीतभर जास्त होतं. फोटो मात्र सगळ्या जागी कोरे चौकोन, ते वेगळ्या फोल्डरातून उचलून टाकले तव्हा आले.

"जाफराबाद काढ," मी म्हणालो.

सुनेनं वर खाली बघितलं. जाफराबादचं नाव होतं, खाली खड्डे आणि खांब लिहिलेले होते, पण मापाची जागा मोकळी होती. ती पडद्याकडंच बघत म्हणाली, "मामा, हा बॅकअप मागच्या शनिवारचा आहे. जाफराबादचं माप आपण त्यानंतर घेतलं. नवरात्रात. तुम्हीच घेतलंय."

मला ते आठवलं. म्हणजे टेप आठवला. टेपचं दुसरं टोक हेडवेल्डरनं धरलं होतं, खाली काळी ओली माती होती, बाजूला हिरव्या टोपीचा एक माणूस उभा राहून सारखा विचारत होता पत्रा कव्हा पडंल. मी मोठ्यानं आकडा बोललो ते आठवलं. आकडा नव्हता.

कंप्युटरवाला म्हणाला, "चाचा को याद होगा." मी गमछा झटकून खांद्यावर टाकला. येताना एसटीत सुनेनं त्याच्याकडचा नवा डबा मांडीवर घेतला, आणि मी घेऊ दिला.

सकाळी माणसं वर्कशॉपवर जमली. कटरपाशी लोखंड काढून ठेवलेलं. परतूरचं पान फोनवर परत दिसलं म्हणून सगळे खूश होते. हेडवेल्डरनं जाफराबादचं पान उघडलं, मोकळी जागा बघितली, फोन खिशात टाकला आणि माझ्याकडं आला. बाकीचे मागं उभे राहिले. सून टेबलापाशी होती. ह्या वेळी ती नक्की ना असं म्हणाली न्हाई.

"बोला मिस्त्री. जाफराबाद."

आकडा जिभेवर आला होता. चांगला आकडा होता, सुतासकट. मी बोललो असतो तर कटर चालू झाला असता. मी तो आकडा आत फिरवून बघितला, कुठला आहे ते बघितलं. कळंना. जाफराबादचा असू शकत होता. कुठलाही असू शकत होता.

मी म्हणालो, "मला आठवत न्हाई."

एकजण म्हणाला, "मिस्त्री मजाक करून राह्यले." हेडवेल्डरनं त्याला कोपर मारलं. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला परतूर आठवत असणार. टेपचं टोक त्यानंही धरलं होतं, मी विचारू शकलो असतो, तुला आठवतं का. विचारलं न्हाई. त्यालाही आठवत नसणार. त्याला आठवायची गरज कधी पडली नव्हती, मी होतो ना.

"मंग मोजून येऊ," तो म्हणाला. "त्यात काय."

"जीपनं जल्दी जाऊन येऊ," सून म्हणाली. तिनं टेप उचलला. मी उठायला लागलो तर गुडघा धरला होता, काल डब्यानं दाबलेला. हेडवेल्डर म्हणाला, "तुम्ही बसा मिस्त्री. टेपच धरायचा आहे." चांगल्या मनानं म्हणाला. म्हणूनच लागलं.

सून जीपमध्ये पुढं बसली. मी नेहमी बसतो तिथं. जाताना तिनं मान बाहेर काढून विचारलं, "मामा, चहा ठेवून जाऊ का?" मी म्हणालो, "जा. सोयाबीन उघडी आहे लोकांची."

मी वर्कशॉपमधल्या बाजेवर आडवा झालो. ग्राइंडर बंद होते. डोळा लागला न्हाई. कुणी येणार नव्हतं, आणि मला सवय होती कुणीतरी यायची.

दुपारी फोन वाजला. सून होती, मागं वारा आणि माणसांची बोलणी. म्हणाली, "मामा, ऐका," आणि जाफराबादची सगळी मापं एकेक करून वाचली. फूट, इंच, सूत. मी म्हणालो, "हं." तिनं उतार सांगितला. मी म्हणालो, "हं, बराबर." बराबर होतं की न्हाई मला कसं कळणार, पण असं म्हणायची माझी पद्धत आहे.

"टाकलं का डब्यात?" मी विचारलं.

"टाकलं. आणि आजपासून कॉपी रोज घेईन, शनिवारची वाट न बघता."

"घे."

फोन ठेवून मी तिनं शेवटी सांगितलेला आकडा मनात धरायला बघितला. थोडा वेळ राहिला. संध्याकाळी माणसं परत आली तव्हा त्यातले फूट तेवढे उरले होते. कुणी विचारलं न्हाई. लोखंड कापायला सुरुवात झाली, ठिणग्या उडायला लागल्या, आणि मी बाज उचलून थोडी मागं सरकवली.